गाडी चालवायचे बूट घेताना आधी टाच बघा

गोव्यातली केरी मागे पडली आणि चोर्ला घाट सुरू झाला की उजव्या पायाला उसंत नसते. वळण दिसलं की ब्रेक, गिअर उतरवताना अ‍ॅक्सिलरेटरला हलका झटका, वळणात तो एकाच मापाने धरून ठेवायचा आणि पुढचा रस्ता मोकळा दिसला की दाब पुन्हा वाढवायचा. हे सगळं चवड्याच्या जेमतेम इंचभर हालचालीत होतं. पेडल नक्की किती दाबलं गेलंय हे पायाला कळायला हवं, आणि पाय व पेडल यांच्या मधे असतो तो बुटाचा सोल. टायर आणि ब्रेक पॅडवर हजारो रुपये घालणारी माणसं पायात मात्र अंगणातली रबरी चप्पल सरकवून निघतात, नाहीतर सकाळी मिरामारच्या किनाऱ्यावर चालायला जायचे जाड फोमचे बूट घालतात. दोन्ही चूक, कारणं मात्र वेगळी.

इथे शर्यतीचा विचार केलेला नाही. वेगमर्यादेत राहून, गाडी पूर्ण ताब्यात ठेवून, वळणांची मजा घेत चालवणाऱ्यांना कसे बूट लागतात तेवढंच पाहू. तेच बूट घालून ऑफिसला, लग्नाला, देवळात जाता यावं आणि बघणाऱ्याला ते चारचौघांसारखेच साधे दिसावेत, एवढी अट त्यात धरली आहे.

टाच

चालताना अंगाचं सगळं वजन टाचेवर आदळतं, म्हणून चालायच्या-पळायच्या बुटात टाचेखाली फोम भरतात. गाडीत वजन सीटवर असतं. टाच मॅटवर नुसती टेकलेली असते आणि बाकीचं पाऊल तिच्याभोवती फिरतं, जसं दार बिजागरावर फिरतं. बिजागर मऊ आणि डुगडुगतं असेल तर दार नीट लागत नाही. पळायच्या बुटाचं तसंच होतं. टाचेखाली 30 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त जाडी, चवड्याखाली त्याहून 8 ते 12 मिलिमीटर कमी. ब्रेक दाबायला गेलात की आधी फोम दबतो आणि मग पेडल. तेवढ्यात पायाचा अंदाज चुकतो. शिवाय मागची कड बाहेर आलेली असते. पाऊल पुढे झुकवताना आणि मागे घेताना तीच कड मॅटवर टेकते, त्यामुळे टाच गोल फिरायच्या जागी एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटते.

म्हणून दुकानात बूट हातात आला की तो आधी उलटा करून मागून बघा. टाचेची मागची कड गोलसर हवी, किंवा रबर मागून थोडं वर चढलेलं हवं. टेबलावर बूट ठेवून पुढचं टोक वर उचला आणि खाली आणा. टाच एका लयीत लोळली पाहिजे. मधेच 'टक' करून थांबत असेल तर तो बूट ठेवून द्या.

जाडी डोळ्यांनी कळत नाही, कारण बाहेरून दिसणारी पट्टी बऱ्याचदा नुसती सजावट असते आणि पाऊल त्या पट्टीच्या आत खाली बसलेलं असतं. मोजपट्टी घेऊन मोजा. बुटाच्या मागच्या काठापासून आतल्या तळापर्यंतची खोली आणि त्याच काठापासून बाहेर जमिनीपर्यंतची उंची, या दोन्हींतला फरक म्हणजे टाचेखालची खरी जाडी. बाहेरून 80 मिलिमीटर आणि आतून 62 आलं तर टाचेखाली 18 मिलिमीटर आहे. ती 20 च्या आत असावी. चवड्याखाली 8 ते 12 मिलिमीटर पुरे. 6 च्या खाली गेलं तर ब्रेक जोरात दाबताना पेडलची कड तळव्याला टोचते आणि गाडीतून उतरून खडीवरून चाललं की पाय दुखतो.

चवड्याची परीक्षा बॉलपेनने होते. खुर्चीवर बसा, पेन जमिनीवर आडवं ठेवा आणि चवडा त्यावर हलकेच टेकवून पुढे-मागे करा. पेन कुठे आहे हे डोळे मिटून सांगता आलं तर सोल ठीक. काहीच कळत नसेल तर ब्रेक पेडलही कळणार नाही. ही परीक्षा बसूनच करायची, कारण उभं राहिलं की अंगाच्या वजनाने जाड सोलसुद्धा पातळ वाटतो.

मग बूट दोन्ही टोकांना धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध, कमानीच्या रेषेत घडी पडत असेल तर कमानीखाली आधार नाही असं समजा. याचा त्रास डाव्या पायाला होतो: क्लचची चाल लांब असते, आणि म्हापसा बाजाराच्या गर्दीत अर्धा तास क्लच दाबत-सोडत गेलं की तळवा ठणकायला लागतो.

रुंदी, आणि ती मोजायची आपल्याच गाडीत

पळायच्या बुटाचा सोल चवड्याशी 110 ते 120 मिलिमीटर रुंद असतो. पाय त्याहून बराच अरुंद, पण स्थिरपणासाठी फोम दोन्हीकडे बाहेर काढलेला असतो. लहान हॅचबॅकमध्ये पेडलं जवळजवळ असतात. अशा बुटाने ब्रेक दाबला की उजवी कड अ‍ॅक्सिलरेटरलाही लागते. पायाला वाटतं ब्रेक दाबतोय, आणि इंजिन मात्र गुरगुरतं. ऑफिसच्या चामडी बुटात हाच दोष वेगळ्या रूपात येतो: शिवणीची कड बाहेर डोकावते, आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेककडे येताना ती ब्रेक पेडलच्या बाजूला अडकते. चामडी सोल ओला झाला की सटकतो ते वेगळंच.

नियम सोपा आहे: वरून पाहिल्यावर सोल बुटाच्या अंगाबाहेर दिसता कामा नये, फार तर दोन-तीन मिलिमीटर. पण पक्की खात्री गाडीतच होते. दुकानदाराला बदलून देण्याबद्दल आधी विचारून ठेवा, मॅट झटकून पुसून घ्या आणि टॅग न काढता हे करून बघा.

सीट आधी जागेवर आणा. क्लच पूर्ण दाबल्यावरही डावा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. सीट मागे असेल तर कुठल्याही बुटात टाच उचलली जाईल आणि दोष बुटावर जाईल. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, गिअर न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू. इंजिन बंद ठेवून बघू नका, कारण दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं घट्ट होतं. मग ते नेहमीएवढं खाली जात नाही आणि अंदाज चुकतो.

आता ब्रेक नेहमीसारखा दाबून धरा आणि खाली वाकून बघा. बुटाची उजवी कड आणि अ‍ॅक्सिलरेटर यांच्यात बोटभर फट असावी. मग टाच न उचलता अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर आणि परत, असं दहा वेळा करा. एकदाही काही अडकलं, घासलं, बूट पेडलच्या वर चढला तर तो नको. नंतर क्लच पूर्ण दाबा आणि बुटाचं टोक वर डॅशबोर्डखालच्या प्लास्टिकला लागतं का ते बघा. लांब टोकाचे बूट इथे नापास होतात. शेवटी डावा पाय डेड पेडलवर, म्हणजे क्लचच्या डावीकडे पाय ठेवायच्या जागेवर, टेकवा, तो तिथे आरामात बसला पाहिजे.

गिअर उतरवताना ब्रेक दाबलेला ठेवून त्याच पायाने अ‍ॅक्सिलरेटरला झटका द्यायची सवय असेल, म्हणजे ज्याला हील-अँड-टो म्हणतात ते, तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. नावावरून टाच वापरायची असं वाटतं, पण आजच्या गाड्यांत चवडा ब्रेकच्या उजव्या अर्ध्यावर ठेवून पाऊल करंगळीच्या बाजूला लोळवतात. म्हणजे झटका करंगळीजवळची कड देते. ती कड नुसत्या मऊ जाळीच्या कापडाची असेल तर दाब पेडलपर्यंत पोचतच नाही. तिथे रबर दोन-चार मिलिमीटर वर चढलेलं असावं आणि कोपरा गोल असावा. फारच चिंचोळा बूट इथे उलट आड येतो, अ‍ॅक्सिलरेटरपर्यंत पोचायला पाऊल जास्त वळवावं लागतं. हे तंत्र शिकायचं तर आधी उभ्या गाडीत पाय बसवा, मग मोकळ्या सपाट रस्त्यावर. घाट त्यानंतर.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर काम बरंच हलकं. ब्रेक पेडल रुंद, डावा पाय मोकळा. टाच आणि सोलची जाडी एवढं पाहिलं तरी पुरे.

चप्पल का नको

गोव्यात हा प्रश्न कायम येतो, कारण वर्षातले आठ महिने पायात चप्पलच असते. रबरी चपलेला मागे पट्टा नसतो, त्यामुळे पाऊल उचललं की तिची टाच खाली लोंबते. अ‍ॅक्सिलरेटरवरून ब्रेकवर येताना पुढचं मऊ टोक ब्रेक पेडलच्या खालच्या कडेला लागतं आणि आत दुमडतं. पाय पेडलवर, चपलेचं टोक पेडलखाली. त्या स्थितीत पेडल पूर्ण खाली जात नाही, आणि पाय मागे घ्यायला गेलात तर अंगठा पट्ट्यात अडकतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला 16 मीटरहून अधिक जाते. पाव सेकंद गडबडीत गेला तर 4 मीटर गेले, आणि घाटात 4 मीटर म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकची बाजू.

अनवाणी चालवलं तर पेडल छान कळतं, हे खरं. पण ओला तळवा पेडलच्या रबरावरून सरकतो, आणि गाय आडवी आल्यावर जो कचकन ब्रेक मारावा लागतो त्याचा सगळा भार उघड्या तळव्याच्या लहानशा भागावर येतो. पाय आपोआप कचरतो. तेवढा कचरणंही नको.

बायकांच्या बेली शूजचा सोल अगदी योग्य असतो, पण मागची वाटी मऊ असल्याने टाच निसटते. पायावरून एक पट्टा असलेला जोड घेतला की ही अडचण जाते. उंच टाचांचे सँडल पार्टीच्या ठिकाणी पोचल्यावर घाला. टाच उंच असली की बिजागराची जागाच मॅटपासून वर जाते आणि टोकदार टाच मॅटच्या भोकात रुतते.

गोव्याची हवा आणि सोलचं सामान

हा भाग ब्रँडपेक्षा महत्त्वाचा आहे. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातल्या कपाटातही दमट असतं. पॉलियुरेथेन, म्हणजे पीयू, या सामानाचे सोल हलके आणि आरामशीर असतात, पण हवेतली वाफ त्यांचे रासायनिक बंध हळूहळू तोडते. बूट बाहेरून नवाकोरा दिसतो, अगदी पेटीत ठेवलेलाही, आणि एक दिवस सोल बिस्किटासारखा चुरतो. चालताना तुकडा पडला तर निभावतं, पण ब्रेकवर पाय असताना सोल सुटला तर खैर नाही. जुना जोड पावसाळ्यानंतर बाहेर काढलात तर सोलच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. चिकट लागलं, बारीक भेगा उघडल्या किंवा भुकटी निघाली तर त्या बुटांनी गाडी चालवू नका. दुरुस्तीला अर्थ नाही.

खरं रबर, विशेषतः व्हल्कनाइज केलेलं, म्हणजे गंधकासोबत तापवून पक्कं केलेलं, या हवेत टिकतं. कॅनव्हासच्या साध्या टेनिस शूजना तेच असतं, आणि मधाच्या रंगाचा गम सोल हाही रबराचाच. ईव्हीए फोम पाण्याने बिघडत नाही, पण चवड्याखाली कायमचा दबून खड्डा पडतो. स्वस्त बुटांतला टीपीआर, म्हणजे रबरासारखं प्लास्टिक, सुरुवातीला पकडतो आणि काही महिन्यांनी गुळगुळीत होतो. विकत घेताना खाली किंवा आतल्या लेबलवर सामान लिहिलेलं असतं, ते वाचा. नसेल तर सोल दोन बोटांनी दाबून बघा: रबर वजनदार आणि थंड लागतं, फोम हलका आणि स्पंजासारखा.

खालची नक्षी उथळ हवी, माशाच्या काट्यासारखी किंवा बारीक रेघांची. ट्रेकिंगच्या खोल दातांत लाल चिखल बसतो, तो वाळतो, आणि गाडीत बसल्यावर पेडलवर बारीक खडी पेरल्यासारखी होते. किनाऱ्यावरून आलात तर वाळूचंही तेच. गाडीत बसण्यापूर्वी दाराच्या उंबऱ्यावर तळ आपटायचा आणि मागच्या सीटखाली ठेवलेल्या जुन्या पंच्याने पुसायचा. पाच सेकंदांचं काम आहे, आणि पावसाळ्यात त्याने बुटाच्या किमतीपेक्षा जास्त फरक पडतो.

पावसाळ्यात अनेकजण मॅटवर वर्तमानपत्र पसरतात. ड्रायव्हरच्या बाजूला ते कधीच नको. ओला कागद टाचेखाली सरकतो, गोळा होतो आणि पेडलामागे जाऊन बसतो. कार्पेटच्या मॅटवर रबरी मॅट टाकण्याचीही सवय आहे, तीही मोडावी. वरची मॅट पुढे सरकली की अ‍ॅक्सिलरेटर तिच्याखाली दबून राहू शकतो. एकच मॅट, आणि ती खालच्या हुकांत अडकवलेली. पेडलवरचं रबर झिजून गुळगुळीत झालं असेल तर तेही बदला. ते मिळतं, आणि बुटाच्या तुलनेत अगदी स्वस्त असतं.

काय घ्यावं

इटलीत 1963 साली जियानी मोस्तिले यांनी कार शू या नावाने खास गाडीसाठी मोकॅसिन, म्हणजे मऊ चामड्याचे बिनलेसचे बूट, बाजारात आणले, तळाला आणि टाचेच्या मागे रबराच्या बारीक गोळ्या असलेले. पुढे टॉड्सच्या गोमिनोने तोच प्रकार जगभर नेला. त्याच्या तळाला 133 गोळ्या असतात. पेडल कळण्याच्या बाबतीत हे बूट उत्तम आहेत. पण गोळ्या चामड्याला भोकं पाडून बाहेर काढलेल्या असतात, म्हणून डबक्यात पाय पडला की पाणी आत. खडबडीत रस्त्यावर चाललं की गोळ्या झिजतात. नोव्हेंबर ते मे गोव्यात ते चालतील, पावसात अजिबात नाही.

शर्यतीचे खरे बूट, एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या 8856-2018 मानकाचे, आग सोसण्यासाठी बनवलेले असतात. गोव्याच्या उकाड्यात आणि घोट्यापर्यंतच्या उंचीत त्यांचा उपयोग नाही, आणि ते साधेही दिसत नाहीत. प्यूमाचा 1999 मध्ये आलेला स्पीडकॅट त्यावरूनच रस्त्यासाठी केलेला, तळ पातळ आणि टाच गोल. गडद रंगात घेतला तर कुणाचं लक्ष जात नाही.

आमची पहिली पसंती मात्र फुटसालच्या, म्हणजे बंदिस्त छोट्या मैदानावरच्या फुटबॉलच्या, बुटांना आहे. मडगाव, म्हापसा, फोंडा, कुठेही खेळाच्या दुकानात मिळतात, कारण इथे फुटबॉल घराघरात खेळतात. सपाट गम रबर, पातळ चवडा, अरुंद अंग, आणि चेंडू कळावा म्हणून केलेली बांधणी पेडलही कळवते. काळे किंवा गडद निळे, कमीत कमी पट्ट्यांचे घ्या. नुसते 'इंडोर' लिहिलेले हवेत. टर्फचे, खाली रबराच्या छोट्या बोंडांचे, नकोत. बॅडमिंटनच्या बुटांची पकड छान असते, पण बाहेरच्या कडेला सोल मुद्दाम रुंद केलेला असतो, तो ब्रेकजवळ आड येतो. पैसे कमी असतील तर कॅनव्हासचे टेनिस शूज घ्या, फक्त पांढरे टाळा. जांभ्या दगडाच्या मातीचा लाल डाग कॅनव्हासमधून सहज जात नाही. या मातीला लपवणारा रंग म्हणजे मध्यम तपकिरी.

लेस की बिनलेस? घट्टपणात लेस वरचढ. पण मंगेशी, म्हार्दोळ, कवळे असा एका सकाळचा फेरा असेल तर प्रत्येक देवळाबाहेर नाड्या सोडत बसावं लागतं. दोन्ही बाजूंना इलॅस्टिकची पट्टी असलेले स्लिप-ऑन तेव्हा सोयीचे, एका अटीवर: पाय वर उचलून हलवला तरी टाच सुटता कामा नये. लेसचे घेतलेत तर गाठ मारल्यावर टोकं बुटाच्या आत खोवा. लोंबती नाडी क्लच पेडलभोवती जाते.

माप संध्याकाळी घ्या, तोपर्यंत पाय थोडे फुगलेले असतात. पातळ सुती मोजे घालूनच. अंगठ्यापुढे 8 ते 10 मिलिमीटर जागा ठेवा, चालायच्या बुटापेक्षा किंचित कमी. युके मापात एका नंबरचा फरक सुमारे 8.5 मिलिमीटर असतो आणि युरोपियन मापात 6.7, म्हणून दोन नंबरांच्या मधे पाय असेल तर युरोपियन मापातला नंबर जास्त जवळ बसतो. दोन्ही पाय तपासा. लहान-मोठे असतात, आणि इथे उजव्या पायाचं ऐकायचं.

नव्या सोलवर साच्यातून आलेली चकाकी असते आणि ती सटकते. 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चवड्याखाली दोन-तीन मिनिटं हलकेच घासा, ओल्या फडक्याने पुसा. पहिले काही दिवस सपाट रस्त्यावरच वापरा. बूट कुठे चावतो ते तिथे कळू दे. अनमोड किंवा करमल घाटात फोड आलेल्या टाचेने ब्रेक मारायची वेळ येऊ नये.

भिजले तर आतला तळ काढून वेगळा वाळवा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन-तीन तासांनी बदला. उन्हात किंवा बोनेटवर ठेवू नका, चिकटवलेली जोडणी उष्णतेने सुटते. स्वेड वाळल्यावर ब्रशने उभा करा. बंद डब्यात ठेवायचे असतील तर सिलिका जेलच्या पुड्या घाला, नाहीतर आठवड्यात बुरशी येते. गाडीसाठी वेगळा जोड ठेवत असाल तर तो मागच्या डिकीत किंवा बाजूच्या सीटच्या मागे. ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलेला बूट उतारावर पुढे लोळत येतो आणि ब्रेकखाली अडकतो.

उजव्या बुटाची टाच मागून, बाहेरच्या कोपऱ्यावर आधी झिजते. एका बाजूला तीनेक मिलिमीटर उतार दिसला की मोच्याकडे जाऊन टाचेवर रबराचा पातळ तुकडा बसवून घ्या, आणि तो मागून गोल घासून द्यायला सांगा. चौकोनी सोडला तर ती नवी कड पुन्हा मॅटवर 'टक' करेल.